आराखडा, आकडा आणि जत्रा : विश्वेश्वरय्या संस्थेतील रस्ते-वाहतूक अभ्यासाची वाटचाल

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्या, असा निरोप आला, तेव्हा मी आधी एक गोष्ट पक्की करून घेतली : सगळ्या शाखांचा लेखाजोखा नको आहे ना? कारण नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेचा साग्रसंगीत इतिहास लिहायचा तर त्यात धातुशास्त्रापासून वास्तुकलेपर्यंत सगळे आले. ते माझ्या आवाक्यातले नाही आणि या पानांतही मावणारे नाही. जामसांवलीला हनुमंताच्या पायाशी जमणारी आपली मंडळी सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना, पिपळा नारायणवार इकडची. नागपूर हे आपले शिक्षणाचे गाव आणि नागपूरला जायचा रस्ता हा आपल्या शिक्षणाचा पहिला धडा. म्हणून मी त्या संस्थेतल्या एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे : तिथे रस्ते आणि वाहतूक यांचा अभ्यास कसा रुजला, विद्यार्थ्यांनी त्यात काय केले आणि आपल्या वाटेवरचे काय अजून करायचे राहिले आहे.

सुरुवात 1960 पासून करायची रीत आहे. मी 1943 पासून करतो.

त्या वर्षी डिसेंबरात देशातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. दुसरे महायुद्ध चालू होते. लष्करी गाड्यांनी रस्त्यांची चाळण केलेली. आणि युद्ध संपल्यावर देशाला रस्ते किती, कुठे, कसले लागतील याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. त्या बैठकीतून जो वीस वर्षांचा आराखडा निघाला त्याला ‘नागपूर आराखडा’ हेच नाव पडले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राम मार्ग ही आज तलाठ्यालाही पाठ असलेली प्रतवारी तिथली. देशभरात 100 चौरस किलोमीटरमागे 16 किलोमीटर रस्ता असावा हे उद्दिष्टही तिथलेच.

याच्या मागे एक मराठी नाव आहे, ते सहसा कुणी घेत नाही. 1927 साली सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच जयकर. या समितीने 1928 मध्ये अहवाल दिला. पेट्रोलवरच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी काढा, अभियंत्यांना एकत्र बसून विचार करता येईल अशी तांत्रिक संस्था उभारा, रस्त्यांवर संशोधन करणारे केंद्र काढा, असे तिचे सांगणे होते. निधी 1929 मध्ये आला, इंडियन रोड्स काँग्रेस डिसेंबर 1934 मध्ये आली आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू व्हायला 1952 उजाडले. पैसा आधी आला, चर्चा नंतर, संशोधन शेवटी. आपल्याकडे हा क्रम अजून फारसा बदललेला नाही.

नागपूर आराखड्यातले एक सूत्र स्थापत्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत सोडवलेले असते. एखाद्या जिल्ह्यात पक्के रस्ते किती किलोमीटर हवेत? शेतीखालच्या क्षेत्राला 8 ने भागा, उरलेल्या क्षेत्राला 32 ने भागा, दोन ते पाच हजार वस्तीच्या गावांची संख्या 1.6 ने गुणा, त्याहून मोठ्या गावांची 8 ने, या सगळ्यांची बेरीज करा, पुढच्या वाढीसाठी 15 टक्के घाला, आणि मग एक अक्षर वजा करा : आर. आर म्हणजे जिल्ह्यातल्या रेल्वेची लांबी. गाडी आहे तिथे तेवढा रस्ता कमी लागेल, असा त्यामागचा सरळ हिशेब.

आता हे सूत्र आपल्या भागाला लावून पाहा. आपल्याकडे नागपूर–छिंदवाडा ही बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी लाईन होती. सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी करत घाट चढणारी, वळणावर उतरून चालत्या गाडीबरोबर चालता येईल अशा चालीची ‘छोटी गाडी’. सूत्राला रूळ अडीच फुटांचा की साडेपाच फुटांचा, गाडी दिवसाला दोन की वीस, हे कळत नाही. किलोमीटर तेवढे कळतात, आणि तेच ते वजा करते. गणित सोडवताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुट्टीला छोट्या गाडीने घरी जाणाऱ्याच्या लक्षात येते.

1943 मध्ये नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि छिंदवाडा हा त्याच प्रांतातला जिल्हा. म्हणजे आराखडा ठरला तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच सरकारखाली होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो, आणि केळवद-सातनूरच्या मध्ये रस्त्यावर एक रेघ ओढली गेली. बोली तीच, सोयरीक तीच, संत्र्याचा बाजार तोच, सरकार दुसरे. पुढचे सगळे समजायला ही रेघ लक्षात ठेवावी लागते.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि जूनमध्ये नागपुरात प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला धरणे, पोलाद, रस्ते यांसाठी अभियंते हवे होते, म्हणून केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीत अशी महाविद्यालये देशभर निघाली. वरंगळला 1959 मध्ये. नागपूर, भोपाळ, दुर्गापूर, जमशेदपूर, सुरतकल इथे 1960 मध्ये. निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांसाठी, निम्म्या बाहेरच्यांसाठी. योजना चांगली होती, देशभरची मुले एका वसतिगृहात येत. पण सौंसरच्या मुलाला तिचा अर्थ असा लागला की नागपूर 65-70 किलोमीटरवर असूनही ते ‘परराज्य’, आणि रात्रभराचा प्रवास करून जायचे भोपाळ हे ‘स्वराज्य’. आजही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या बी.टेक.च्या निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, त्यामुळे ही गंमत तशीच चालू आहे. एम.टेक.ला मात्र गेट परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो, तिथे गृहराज्याचा कोटा नाही. रस्ते-वाहतूक शिकायला नागपूरला जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

महाविद्यालयाला नाव मिळाले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. धरणे आणि म्हैसूर म्हटले की ते आठवतात. पण ते शिकले पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. पदवीच्या परीक्षेत पहिले आल्याबद्दल त्यांना मिळालेले पारितोषिक होते ‘जेम्स बर्कली’ यांच्या नावाचे. बर्कली म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला धावलेली पहिली गाडी त्यांच्या देखरेखीखालच्या रुळांवरून गेली, आणि भोर घाट चढवण्याचे कामही त्यांच्याच डोक्यातले. वाहतुकीच्या क्षेत्रात आपल्याकडे विद्यार्थ्याच्या गुणवत्तेची नोंद कशी झाली, याचा माग काढायचा तर हे पारितोषिक फार वरच्या पायरीवर येते. संस्थेच्या नावातच विद्यार्थी म्हणून मिळवलेले रेल्वेच्या माणसाचे बक्षीस आहे, एवढे सांगून पुढे जातो.

सुरुवातीच्या काळात रस्ते हा स्थापत्य शाखेतला एक विषय होता, स्वतंत्र दुकान नव्हे. त्या विषयाचा आत्मा प्रयोगशाळेत, आणि प्रयोगशाळेचा आत्मा काळ्या मातीत.

विदर्भाची आणि आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या सखल भागाची कपाशीची काळी माती किती अवघड असते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रस्ता बांधणाऱ्याला या मातीची ताकद आकड्यात हवी असते. त्यासाठी सी.बी.आर. ही चाचणी आहे, आणि ती कॅलिफोर्नियाहून आलेली आहे. माती चाळून, ठरावीक पाणी घालून लोखंडी साच्यात थरांनी ठोकायची. वर वजनाची चकती ठेवून साचा पाण्याच्या टाकीत बुडवायचा. आणि थांबायचे. चार दिवस. पावसाळ्यात रस्त्याखालची माती भिजून जशी होईल तशी ती झाली पाहिजे. साच्यावर लावलेल्या डायलचा काटा सरकताना दिसतो : माती लोखंडात कोंडलेली असूनही वर चढते. चौथ्या दिवशी साचा काढून यंत्राखाली ठेवायचा, 50 मिलिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर या वेगाने तिच्यात घुसवायचा. अडीच मिलिमीटर आत जायला किती भार लागला? चांगल्या खडीला 1370 किलो लागतात. आपल्या काळ्या मातीला त्याच्या दोन-तीन टक्के पुरतात.

शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला हा आकडा पहिल्यांदा स्वतःच्या वहीत उतरवताना जे कळते ते पुस्तकाने कळत नाही. गावचा रस्ता दर पावसाळ्यात का खचतो याचे उत्तर ‘ठेकेदार खातो’ एवढेच नाही. ठेकेदार खातो हेही खरे. पण त्याआधी मातीने पाणी प्यायलेले असते, आणि वर किती जाडीचा थर हवा हे तिला विचारूनच ठरवावे लागते. रोड काँग्रेसने 1970 मध्ये डांबरी रस्त्याच्या रचनेचे जे मार्गदर्शन काढले आणि पुढे 2001, 2012, 2018 मध्ये सुधारले, त्या सगळ्यांच्या मुळाशी मातीचा हा आकडा आहे.

माती समजली की पुढचा प्रश्न : या रस्त्यावरून जाणार कोण? इथे विद्यार्थी प्रयोगशाळेतून बाहेर पडतो आणि रस्त्याच्या कडेला येऊन बसतो. वाहतूक मोजणीचे काम ज्याने केले नाही त्याला ते फार सोपे वाटते. हातात पॅड, त्यावर रकाने : दुचाकी, मोटार, रिक्षा, मिनीबस, बस, ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, बैलबंडी. वाहन गेले की उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांनी खाली ओळ मारून नवी सुरुवात. एका बाजूच्या वाहनांना एक जण, दुसऱ्या बाजूच्यांना दुसरा. चहा आळीपाळीने. टपरीवाला पहिल्या दिवशी आर.टी.ओ.चे लोक समजून दबकून असतो, दुसऱ्या दिवशी तोच सांगतो, “त्या गाडीत माल नाही, रिकामी जातेय, ते बी लिहा.” त्याचे म्हणणे बरोबर असते, रिकामा ट्रक रस्त्याला तेवढे दुखवत नाही, पण रकाना नसतो.

मोजून झाले की सगळ्यांची एका मापात बेरीज करायची. ते माप आहे मोटारगाडी. आपल्या रस्त्यावर चार चाके, दोन चाके आणि चार पाय एकाच वेळी चालत असल्यामुळे परदेशी पुस्तकातला ‘तासाला इतक्या गाड्या’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. म्हणून ग्रामीण रस्त्यांसाठीच्या 1990 च्या मार्गदर्शनात रोड काँग्रेसने प्रत्येक वाहनाला वजन दिले. मोटार 1, दुचाकी आणि सायकल 0.5, ट्रक किंवा बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5, घोडागाडी 4, आणि मोठी बैलबंडी 8. समजा, पंधरा मिनिटांत 40 दुचाक्या, 12 मोटारी, 10 ट्रक, 2 ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि 1 बंडी गेली. वाहने झाली 65, पण मापात ती 79 भरतात, आणि त्यातल्या 8 एकट्या बंडीच्या. मागे तुंबलेल्या ट्रकवाल्याला हे तक्त्याशिवायही माहीत असते.

या तक्त्यात पायी चालणाऱ्याला मात्र आकडा नाही. पादचाऱ्यांसाठी वेगळे मार्गदर्शन आहे, फुटपाथ किती रुंद असावा, ओलांडायला जागा कुठे असावी वगैरे. पण रस्त्याच्या डांबरावरून, वाहनांच्या बाजूने, मैलोनमैल चालणारा माणूस रस्त्याची किती जागा घेतो, याला ग्रामीण रस्त्याच्या हिशेबात रकाना नाही. हनुमान जयंतीला झेंडे घेऊन जामसांवलीकडे निघालेल्या मंडळींची या हिशेबात किंमत शून्य. याकडे पुन्हा येतो.

26 जून 2002 ला महाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर विद्यापीठाशी असलेली नाळ तुटली आणि नाव झाले विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था. 15 ऑगस्ट 2007 पासून संसदेच्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. या बदलाचे दृश्य परिणाम म्हणजे पाट्या आणि फाटक. अदृश्य पण मोठा परिणाम म्हणजे संशोधक विद्यार्थी. परिवहन अभियांत्रिकीत एम.टेक. करता येऊ लागले, पीएच.डी.ची मुले आली. आमच्या पिढीत प्रकल्प म्हणजे चार जणांनी मिळून केलेली मोजणी आणि टाइप करून घेतलेले साठ पानांचे बाड. आताच्या मुलांचा प्रबंध एका प्रश्नावर वर्षभर थांबतो, परिषदेत जातो, नियतकालिकात छापून येतो.

देशभरातही याच काळात हवा बदलली. वाहतूक संशोधकांच्या देशी संघटनेने दर दोन वर्षांनी परिषद भरवायला सुरुवात केली. मे 2019 मध्ये जागतिक वाहतूक संशोधन परिषद मुंबई आयआयटीत झाली. त्याआधी नोव्हेंबर 2018 मध्ये रोड काँग्रेसचे 79 वे अधिवेशन खुद्द नागपुरात भरले. 1943 नंतर पंचाहत्तर वर्षांनी. आणि 2018 मध्येच ‘इंडो-एचसीएम’, म्हणजे भारतीय रस्त्यांची क्षमता मोजण्याची पहिली देशी संहिता, बाहेर आली. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, मुंबई आयआयटी, सुरतची राष्ट्रीय संस्था अशा सात शिक्षणसंस्थांनी मिळून ती केली. तोवर आपण अमेरिकन संहितेला ठिगळे लावत होतो. या संहितेतले आकडे कुठून आले? देशभर कॅमेरे लावून, चित्रफिती थांबवून थांबवून वाहने मोजणाऱ्या एम.टेक. आणि पीएच.डी.च्या मुलांकडून. मुखपृष्ठावर त्यांची नावे नसतात. विद्यार्थ्यांच्या यशाच्या बातम्या पदकांच्या असतात, पण या शास्त्रात खरे यश असे निनावी पडून असते, आणि स्मरणिकेसारख्या जागी तरी ते नोंदवावे असे मला वाटते.

नागपूरच्या संस्थेतले अलीकडचे एक काम मात्र वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आले. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. सहा पदरी, सरळ, गुळगुळीत. आणि अपघात सुरू झाले. वळण नाही, खड्डा नाही, समोरून वाहन नाही; तरी गाड्या दुभाजकावर, उभ्या ट्रकवर जात होत्या. विश्वेश्वरय्या संस्थेतल्या संशोधकांनी या अपघातांचा अभ्यास केला आणि 2023 मध्ये एक शब्द घराघरांत पोचला : महामार्ग संमोहन. लांबच लांब एकसुरी रस्ता, बदलणारे काही नाही, थांबायला ढाबा नाही, टपरी नाही. डोळे उघडे असतात, हात स्टीअरिंगवर असतात, पण मन गाडीत नसते. पुढचे मिनिट-दोन मिनिट चालकाला नंतर आठवत नाहीत. त्यात तापलेले टायर आणि वेग यांची भर.

या अभ्यासाचे महत्त्व मला असे वाटते : पहिली पन्नास वर्षे रस्त्याच्या अभ्यासात दोष रस्त्यात शोधला जायचा, माती, खडी, डांबर, वळण. इथे रस्ता निर्दोष होता आणि तो निर्दोषपणाच घातक ठरत होता. त्याच वर्षी 1 जुलैला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला आग लागून 25 जण गेले. त्या अपघाताचे कारण एकच असे सांगता येत नाही, आणि एका शब्दाने सगळे अपघात समजावून सांगण्याचा मोह बातम्यांना आवरला नाही, हेही खरे. पण रस्त्याकडेला थांबे हवेत, दृश्यात बदल हवा, हे म्हणणे तेव्हापासून सरकारदरबारी ऐकू येऊ लागले. विद्यार्थ्यांच्या कामाने रस्त्याची चर्चा बदलणे, यापेक्षा मोठे पदक कोणते असते मला माहीत नाही.

नागपूर एकूणच वाहतुकीची मोठी प्रयोगशाळा झाले आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल आणि नागपूर महापालिका एकत्र आल्या. शहर बसच्या काचेमागे कॅमेरे बसवले. समोरचे वाहन जवळ आले की चालकाला इशारा मिळतो, आणि कुठल्या चौकात असे इशारे वारंवार वाजतात याची नोंद होऊन अपघात होण्याआधीच धोक्याची जागा कळते. मृत्यूंच्या आकड्यांवरून ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याची जुनी पद्धत माणसे मरायची वाट पाहते. ही पाहत नाही. आणि आपल्या शेजारच्या पेंचमध्ये, राष्ट्रीय महामार्ग 44 वर, वन्यप्राण्यांसाठी बांधलेल्या पुलाखालच्या वाटांवर भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले, तेव्हा 2019 च्या काही महिन्यांत 18 जातींचे प्राणी टिपले गेले, वाघ 89 वेळा. वाघाने कोणत्या वाटेने रस्ता ओलांडला याचा तक्ता आपल्याकडे आहे. त्याचा मला आनंदच आहे. पण मग पदयात्रेकरूचा तक्ता का नसावा?

छोट्या गाडीचे काय झाले तेही नोंदवून ठेवतो, कारण आराखड्यातला आपल्या वाटेवरचा ‘आर’ म्हणजे ती होती. नोव्हेंबर 2015 च्या अखेरीस ती कायमची थांबली. तिची इंजिने पाहायची तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे, ते 2002 पासून. मोठी लाईन टप्प्याटप्प्याने आली आणि 2022 मध्ये इतवारी ते छिंदवाडा गाडी सलग धावू लागली. मधली सहा-सात वर्षे सगळा भार रस्त्यावर होता : नागपूरला जाणारे विद्यार्थी, दवाखान्याचे रुग्ण, बोरगावच्या कारखान्यांचा माल, बहाराच्या दिवसांत संत्र्याचे कॅरेट. गाडी बंद झाल्यावर माणसे कशाने जाऊ लागली, पुन्हा सुरू झाल्यावर किती परतली, किती दुचाकीलाच चिकटली? वाहतूक शिकणाऱ्या मुलाला असा आयता प्रयोग आयुष्यात एखाद्या वेळी मिळतो. 2016 ते 2022 दरम्यानचे जर कुणाकडे बस-तिकिटांचे, वह्यांचे कागद असतील तर त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत.

इथे पुन्हा ती रेघ आड येते. सावनेरपर्यंतची वाहतूक नागपूरच्या प्रबंधात येते, कारण ती नागपूर जिल्ह्याची आहे. छिंदवाड्याकडची भोपाळच्या किंवा जबलपूरच्या विद्यार्थ्याने घ्यावी, पण त्याला ती फार लांब. राष्ट्रीय महामार्ग 547 सावनेरहून सौंसरवरून सरळ छिंदवाड्याला जातो, त्याला रेघ माहीत नाही. अभ्यासाचा विषय निवडणाऱ्याला ती माहीत असते, कारण पोलिसांच्या अपघात-नोंदवह्याही दोन राज्यांच्या वेगवेगळ्या. सौंसरहून नागपूरला एम.टेक.ला गेलेला विद्यार्थी हा या रेघेच्या दोन्ही बाजूंना मामा-काका असलेला एकमेव संशोधक असतो. त्याने हे काम केले नाही तर दुसरे कुणी करेल असे मला वाटत नाही.

आणि आता जामसांवली. जाम आणि सर्पा यांच्या संगमाजवळ, पिंपळाच्या सावलीत निजलेला मारुती पाहायला शनिवारी-मंगळवारी येणाऱ्या गर्दीचे वर्णन तुम्हाला सांगायला नको. 24 ऑगस्ट 2023 ला इथे ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, खर्चाचा आकडा 314 कोटींचा, त्याच दिवशी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबरात जिल्हा झाला. उज्जैनला महाकाल लोक झाल्यावर गर्दी कशी वाढली ते सगळ्यांनी पाहिले आहे. प्रवेशद्वार, चौथरे, दुकाने यांचे नकाशे निघाले. सौंसरकडून, पांढुर्ण्याकडून आणि नागपूरहून येणारी वाहने जामसांवलीच्या फाट्यावर एकाच वेळी आली तर काय होईल, हे सांगायला मात्र मोजणीच लागते.

अडचण अशी की रोड काँग्रेसची वाहतूक-गणनेची जी पद्धत आहे, ती 1972 ची, तिच्यात मोजणी वर्षातून दोनदा करावी, एकदा सुगीच्या दिवसांत आणि एकदा मंदीच्या, सलग सात दिवस, चोवीस तास, असे सांगितले आहे. ते ठीकच आहे. पुढे असेही म्हटले आहे की त्या दिवसांत जत्रा-प्रदर्शनासारखे काही असेल तर मोजणी पुढे ढकलावी, वाहतूक पूर्ववत झाल्यावर करावी. जिथे दर आठवड्याला दोनदा जत्रा असते तिथे पूर्ववत म्हणजे काय? नियमाप्रमाणे सरासरी काढली तर शनिवार सात दिवसांत विरघळून जातो, आणि रस्ता बुधवारच्या मापाने बांधला जातो.

या भागातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी माझे यावर बोलणे झाले आहे. मोजणी फाट्यावर आणि मंदिराच्या वाटेवर अशी दोन ठिकाणी घ्यावी. शनिवार, मंगळवार आणि एक साधा वार वेगवेगळे ठेवावेत, सरासरीत घालू नयेत. हनुमान जयंतीची रात्र पूर्ण मोजावी, कारण पायी येणारे उन्हाआधी पोचायला रात्रीच चालतात. आणि पॅडवर बैलबंडीच्या शेजारी एक रकाना वाढवून त्यात पायी चालणाऱ्यांच्या रेघा माराव्यात. वजन किती द्यायचे ते मार्गदर्शक ठरवतील. संत्र्याची मृगाची फळे उतरतात तेव्हा एक फेरी, उन्हाळ्यात दुसरी. पोळ्याचा दुसरा दिवस तेवढा सोडावा. त्या दिवशी पांढुर्ण्यात दगडफेकीची गोटमार असते, आणि रस्त्याच्या कडेला हातात पॅड घेऊन उभे राहण्याची ती वेळ नव्हे.